विमान-प्रतिकृती संच

खऱ्या विमानाच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेले सुटे भाग जोडून व रंगवून प्रतिकृती उभी करण्याचा संच. १:७२, १:४८ व १:३२ ही रूढ प्रमाणे. ११.२३ मी. पंखविस्ताराचे स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान १:७२ मध्ये जेमतेम १५.६ सेंमी. भरते. ब्रिटनमधील ‘फ्रॉग’ने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकचे संच आणले. ‘एअरफिक्स’चा पहिला स्पिटफायर संच १९५३ चा.

पॉलिस्टायरीनचे भाग एका चौकटीला जोडलेले येतात. ते पिळून न तोडता कटरने कापावे लागतात. जोडणीचा द्रव खरे तर गोंद नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. चालककक्ष आधीच रंगवतात, कारण विमानधडाचे दोन अर्धे मिटल्यावर आत कुंचला पोचत नाही. सांध्यावर लांबी भरून पॉलिश पेपरने घासत बसणे हे सर्वांत कंटाळवाणे काम. पण बांधणाऱ्याचा कस तिथेच लागतो.

रंगांना काळाचे बंधन असते. १९४० चे लढाऊ स्पिटफायर वरून गडद हिरवे व मातकट तपकिरी होते. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीची जागा करड्याने घेतली. बोधचिन्हे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवतात. खरखरीत मॅट रंगावर ती लावल्यास खाली हवा अडकून चंदेरी झाक उमटते, म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात देतात. त्यानंतर पत्र्यांच्या सांधरेषांत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसून घेतात. धुराड्यांमागची काजळी मात्र बेतानेच. हौशी हात इथे हमखास जड पडतो.