‘लीलावतीं’तील एकटा भुंगा

मुलांना गणित गोष्टींच्या द्वारें शिकवावें, हा विचार अगदीं अर्वाचीन म्हणून पुष्कळदां आपल्यापुढें मांडला जातो. परंतु इ. स. ११५० मध्यें, वयाच्या ३६ व्या वर्षीं, भास्कराचार्यांनीं रचिलेली ‘लीलावती’ उघडून पाहावी. नियमांच्या पाठोपाठ तेथें ‘बाले’ अशा संबोधनानें प्रश्न येतात, आणि त्यांत भुंगे, मोर, साप वावरत असतात.

त्यांतील भुंग्यांचें उदाहरण पाहा. थव्याचा पंचमांश कदंबावर गेला, तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, आणि या दोन भागांतील अंतराची तिप्पट कुड्यावर. एक भुंगा मात्र केतकी व मालती या दोहोंच्या सुवासानें ओढला जाऊन आकाशांत भिरभिरत राहिला. तर एकंदर भुंगे किती? पहिले तीन भाग मिळून थव्याचे १४/१५ होतात. उरलेला १/१५ म्हणजेच तो एकटा भुंगा. अर्थात् भुंगे १५. मुलाचें मन ज्या भुंग्यापाशीं घुटमळतें, त्याच्याच ठायीं गणिताची किल्ली आहे. त्याला कथेंतून काढून टाका, उदाहरण सुटणार नाहीं.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील बहुतेक उदाहरणांत रामाच्या आंब्यांऐवजीं गोविंदाचे पेरू घातले, तरी कांहीं बिघडत नाहीं. ती गोष्ट नव्हे. आकड्यांना चढविलेला अंगरखा होय.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवनजीक पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला; इ. स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढें फैजीनें १५८७ मध्यें ‘लीलावती’ फारसींत नेली, कोलब्रुकनें १८१७ मध्यें इंग्रजींत. महाराष्ट्रांतील पंतोजींच्या शाळांत मात्र पावकी, निमकी आणि पाउणकी यांचाच घोष चालला. त्या पाठांतरानें बाजारांतला हिशेब चोख झाला, हें मान्य केलें पाहिजे. पण पाढा उत्तर हातीं देतो. प्रश्नाची ओढ लावीत नाहीं. ती ओढ लावणारा ग्रंथ पंडितांच्या मठांत राहिला आणि मुलें ओसरीवर घोकीत बसलीं, ही आपल्या शिक्षणाच्या इतिहासांतील मोठीच हानि होय.

म्हणून वर्गांत गोष्ट सांगूं इच्छिणाऱ्या शिक्षकानें आधीं एवढेंच तपासावें: हिच्यांतील कोणता भुंगा काढला असतां गणित अडेल? तसा एकही नसेल, तर गोष्ट कितीही गोड असो, गणित तिच्या बाहेरच राहिलें असें समजावें.