घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या तीन प्रश्नांना एकच उत्तर असलेले कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले असते : न फिरवल्यामुळे. भाकरी आणि पानाच्या बाबतीत हे उत्तर बिनतोड आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे मानावे लागेल. सवय नसलेला घोडा अडतो, यात शंका नाही. पण चांगला फिरवलेला घोडाही कधीकधी एकाएकी पाय रोवून उभा राहतो. अशा वेळी टाच मारायची, की खाली उतरून पुढे काय आहे ते पाहायचे? दक्षिण अमेरिकेतल्या एका शाळामास्तरावर हे ठरवण्याची वेळ तीन वर्षांत पुन्हा पुन्हा आली. त्याची ही हकीगत.

एमे चिफेली हा मूळचा स्वित्झर्लंडचा, जन्म १८९५ चा. तरुणपणी काही काळ इंग्लंडमध्ये काढून तो अर्जेंटिनात गेला आणि ब्वेनोस आयरेसजवळ किल्मेस येथील एका इंग्रजी शाळेत शिकवू लागला. नऊ वर्षे शिकवल्यावर, आपले आयुष्य आता याच चाकोरीत जाणार, अशी धास्ती त्याला वाटू लागली. (वाचकांपैकी काहींना ही धास्ती ओळखीची वाटेल.) त्याने जो उपाय काढला तो मात्र ओळखीचा नव्हता. घोड्यावरून ब्वेनोस आयरेस ते न्यूयॉर्क जायचे! वाटेत अँडीज पर्वत, पेरूच्या किनाऱ्यावरचे वाळवंट, मध्य अमेरिकेतली जंगले. अंतर सुमारे १६,००० कि.मी. वर्तमानपत्रांनी त्याला वेड्यात काढले.

त्याला वेडा न ठरवणारा एक माणूस भेटला. डॉ. एमिलिओ सोलानेत हे पशुवैद्यक शास्त्राचे प्राध्यापक होते आणि क्रिओयो या स्थानिक जातीच्या घोड्यांची पैदास करत होते. त्यांनी चिफेलीला दोन घोडे देऊन टाकले. सोलानेतांना एवढे औदार्य का सुचले, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

परत आलेला प्राणी

घोड्याच्या कुळाची उत्क्रांती मुख्यतः उत्तर अमेरिकेत झाली. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो दोन्ही अमेरिका खंडांतून नाहीसा झाला. तो पुन्हा तिकडे पोहोचला तो १४९३ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीच्या जहाजांतून. १५३६ मध्ये पेद्रो दे मेंदोसा या स्पॅनिश सरदाराने ब्वेनोस आयरेसची पहिली वसाहत वसवली. उपासमार आणि स्थानिक लोकांशी झगडे यांमुळे ती १५४१ मध्ये सोडून द्यावी लागली. काही घोडे मागे राहिले. १५८० मध्ये स्पॅनिश लोक पुन्हा तेथे आले तेव्हा आसपासच्या पंपात, म्हणजे त्या अफाट गवताळ मैदानात, मोकाट घोड्यांचे कळप हिंडत होते. हे सारे त्या मूठभर घोड्यांचेच वंशज, ही लोकप्रिय कथा जशीच्या तशी घेऊ नये. पेरू आणि चिलीकडून आलेल्या घोड्यांचीही त्यात भर पडली असणार. पण पुढची गोष्ट वादाची नाही. शेकडो वर्षे या कळपांना ना तबेला होता, ना वैरण, ना नालबंद. दुष्काळ, थंडी, पुमासारखे शिकारी आणि निकस गवत यांतून जे तगले त्यांचीच पिलावळ वाढली. नैसर्गिक निवडीचे याहून सोपे उदाहरण वर्गात सांगायला मिळणे कठीण.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून उंच, देखणे घोडे आणून त्यांच्याशी संकर करण्याची लाट आली आणि जुना ठेंगणा घोडा मागे पडला. तो जवळजवळ शुद्ध स्वरूपात उरला होता दक्षिणेकडे, पातागोनियातल्या तेवेल्चे लोकांकडे. सोलानेतांनी तेथून घोडे विकत घेतले आणि ते दीड हजारांहून अधिक कि.मी. हाकत आपल्या शेतावर आणवले. या जातीची वंशनोंदणी १९१८ मध्ये सुरू झाली. पण नोंदवही घातली म्हणून लोक घोडा विकत घेत नाहीत. त्यांना पुरावा हवा होता, आणि तो पुरावा चालून दाखवायला एक मास्तर आपणहून तयार झाला होता!

पेंढा खाणारे पाहुणे

घोड्यांची नावे मांचा आणि गातो. स्पॅनिशमध्ये मांचा म्हणजे डाग; हा घोडा पांढऱ्या-तांबड्या रंगाचा होता. गातो म्हणजे मांजर (मराठीत तो उगीचच गवई वाटतो). त्याच्या पिवळट-तपकिरी रंगाचे नाव तिकडे मांजरावरून पडले आहे. खांद्यापाशी उंची १४० सें.मी.च्या आसपास, म्हणजे आपण ज्याला तट्टू म्हणू असे हे घोडे. दोघांनीही वयाची पंधरा वर्षे ओलांडलेली, आणि आयुष्य मोकळ्या माळावर गेलेले. त्यांना माणसाळवताना चांगल्या चांगल्या घोडेशिक्षकांना घाम फुटला होता. मांचा तर परक्याला जवळही येऊ देत नसे; चावे किंवा लाथ मारी. पंधरा वर्षांचा घोडा म्हणजे निम्मे आयुष्य संपलेला. अशा वयात त्याला नवे काही शिकवायचे, आणि तेही इतक्या लांबच्या वाटेवर!

शहरात आल्याबरोबर दोघांनी आपला अडाणीपणा दाखवला. मोटार दिसली की बुजायचे, घरांच्या भिंतींनाही बिचकायचे. तबेल्यात त्यांच्यापुढे उत्तम लसूणघास, सातू आणि ओट ठेवले, तर त्याला तोंड न लावता त्यांनी खाली अंथरलेला पेंढा खाऊन फस्त केला.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तेथला स्नायूंचा वळसा इतका घट्ट असतो की आत गेलेले अन्न परत वर येत नाही. विषारी काही पोटात गेले तर ते बाहेर टाकण्याची सोयच नाही. अशा प्राण्याने ओळखीचे तेवढेच खावे आणि अनोळखी अन्नाकडे संशयाने पाहावे, हेच शहाणपणाचे. लसूणघास पौष्टिक असतो हे आपल्याला ठाऊक. मांचाला ठाऊक होता तो पातागोनियातला राठ, वाळका चारा, आणि पेंढा त्याच्याच जवळचा.

मोटारीला बिचकण्याचेही तसेच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. थेट मागचे आणि अगदी नाकासमोरचे तेवढे दिसत नाही. बाजूने काही वेगाने आले तर ते आधी टाळायचे आणि मग ओळखायचे, हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा नियम आहे. आपण ज्याला हट्ट किंवा अडाणीपणा म्हणतो, तो दुसऱ्या परिसरात मिळवलेला अनुभव असतो.

वाटेवर

एप्रिल १९२५ मध्ये चिफेली निघाला. एका घोड्यावर बसायचे, दुसऱ्यावर सामान, आणि मधूनमधून अदलाबदल, अशी रीत होती. घोडा हा कळपाचा प्राणी. लवकरच या तिघांचाच एक कळप झाला. रात्री घोडे मोकळे सोडले तरी ते त्याला सोडून जात नसत.

अँडीजच्या प्रदेशात एके ठिकाणी वाटेवर पाणी साचले होते. डबके उथळ दिसत होते. घोड्याने मात्र पुढे पाऊल टाकायचे साफ नाकारले. चिफेलीने टाच मारली. घोडा फुरफुरला, मागच्या पायांवर उभा राहिला, पण हलला नाही. तेवढ्यात दुरून एक स्थानिक माणूस ओरडत आला. ते डबके नव्हते, दलदल होती. घोडा आणि स्वार दोघांनाही गिळणारी. त्याने दुसरी वाट दाखवली. घोड्याने आपल्याला धडा दिला, असे चिफेलीने स्वतःच लिहून ठेवले आहे.

यात कसलीही अतींद्रिय शक्ती मानण्याची गरज नाही. मोकळ्या माळावर वाढलेल्या घोड्याला भुसभुशीत जमिनीचा वास, पायाखालची हलकी थरथर आणि पाण्याचा रंग यांवरून काही अंदाज बांधता येत असावा. त्याच्या कळपातले जे घोडे असा अंदाज बांधू शकले नाहीत त्यांची पिल्ले पुढे फारशी आली नसतील. मोटारीसमोर अडणारा आणि दलदलीसमोर अडणारा घोडा एकच होता. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी स्वाराचे ज्ञान घोड्यापेक्षा जास्त होते आणि दुसऱ्या ठिकाणी घोड्याचे स्वारापेक्षा.

म्हणून घोड्याचेच नेहमी ऐकावे, असेही नाही. पेरूमध्ये एका खोल नदीवर दोर आणि काटक्यांचा झुलता पूल लागला. खोगीर उतरवून मांचाला आधी नेले. लगाम धरून पुढे वाटाड्या, मागे चिफेली. मध्यावर पूल पाळण्यासारखा झुलू लागला. अशा वेळी दचकून वळण्याचा प्रयत्न केला असता तर सारे संपले असते. चिफेलीने त्याला थांबवले, झोके शांत होईपर्यंत मांचा स्थिर उभा राहिला आणि मग पुढे गेला. तो पार गेल्यावर गातो रोजची पायवाट असावी तसा चालत आला. ज्या जनावराला मोटारीची धास्ती वाटे त्याला हे जमले, ते स्वारावरच्या विश्वासामुळे. तो विश्वास काही आठवड्यांत चाबकाने येत नाही. याच गातोचा पुढे एका डोंगरवाटेवर पाय घसरला आणि तो कड्याकडे घरंगळत गेला. एका झाडाला अडकला म्हणून वाचला. दोर लावून त्याला वर ओढावे लागले.

बोलिव्हियात पोतोसीच्या पुढे त्यांनी जी खिंड ओलांडली तिची उंची ५,९०० मीटर सांगितली जाते. हा आकडा थोडा सैल धरला तरी तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. घोड्याच्या शरीरात अशा वेळी उपयोगी पडणारी एक सोय आहे. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. श्रम पडले की प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात येतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते.

पेरूच्या किनारी वाळवंटात प्रश्न उलटा होता : उष्णता आणि पाणी. तेथल्या एका पट्ट्याचे नाव माताकाबायो, म्हणजे घोडेमार. चिफेलीने घोड्यांसाठी पाणी बरोबर घेतले नाही. ऐकायला हे क्रूर वाटते, पण हिशेब करून पाहा. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला ४० लिटरपेक्षाही जास्त पाणी लागू शकते. दोघांचे ८० लिटर, म्हणजे ८० किलो ओझे, तेही घोड्याच्याच पाठीवर. ते वाहताना येणाऱ्या घामात पाणी वाया जाणार. त्यापेक्षा हलके राहावे आणि दीर्घ मजल मारून लवकर पलीकडे जावे, असे त्याने ठरवले. घोडेमार त्यांना मारू शकले नाही.

दोन घोड्यांचा पुरावा

कोलंबिया आणि पनामा यांच्यामधल्या दलदलीच्या जंगलातून वाट नव्हती, म्हणून तेवढा टप्पा जहाजाने गेला. निकाराग्वात यादवी युद्ध चालू होते. तोही भाग जहाजानेच टाळला. मेक्सिकोत गातोच्या पायाला दुखापत झाली आणि त्याला रेल्वेने मेक्सिको सिटीला पाठवावे लागले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचल्यावर वाटले होते की आता सारे सोपे. पण खिंडी, दलदली, वाळवंटे यांतून निभावलेल्या घोड्यांना सर्वांत मोठा धोका झाला तो मोटारींचा. दोन घोडे एकत्र सांभाळणे अशक्य झाल्याने गातोला सेंट लुईस येथे ठेवावे लागले. पुढे एका मोटारवाल्याने मांचाला मुद्दाम धक्का देऊन पाडले. म्हणजे ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर मोटारीला बिचकणारा मांचा अगदीच चुकीचा नव्हता.

२० सप्टेंबर १९२८ रोजी चिफेली आणि मांचा न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून गेले. (अंतराला दिवसांनी भागण्याचे गणित वर्गात घालावे. सुमारे १,२५० दिवस धरले तर सरासरी रोज १३ कि.मी.च्या आत येते. मुले चकित होतात, कारण त्यांना वाटते घोडा धावतच गेला असणार. मुक्काम आणि विश्रांतीचे दिवस यात मोजले आहेत.)

सोलानेतांना हवा होता तो पुरावा मिळाला का? प्रचारासाठी मिळाला, यात संशय नाही. शास्त्रीय कसोटीवर मात्र दोन घोडे म्हणजे फार लहान नमुना, आणि तुलनेसाठी दुसऱ्या जातीचे घोडे त्याच वाटेवर, त्याच स्वाराबरोबर गेले नव्हते. क्रिओयोंची चिवट जात, पातागोनियातला अनुभव आणि त्यांचे ऐकून घेणारा मालक, यांपैकी कशाला किती श्रेय द्यायचे हे या प्रवासावरून वेगळे काढता येत नाही. माझ्या मते तिसऱ्या गोष्टीचे श्रेय जातीच्या अभिमानात झाकले गेले.

घोड्यांची परतीची कथाही थोडक्यात वाचलेली. वॉशिंग्टनमध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीसमोर व्याख्यान द्यायचे असल्याने चिफेलीचे व्हेस्ट्रिस हे जहाज चुकले. ते जहाज नोव्हेंबर १९२८ मध्ये बुडाले. चिफेली आणि दोन्ही घोडे दुसऱ्या जहाजाने सुखरूप परतले. गातो १९४४ मध्ये आणि मांचा १९४७ मध्ये मेला. घोड्याच्या मानाने दोघांनाही फार मोठे आयुष्य लाभले. पेंढा भरलेली त्यांची शरीरे अर्जेंटिनातल्या लुहान येथील संग्रहालयात आहेत. १९९९ च्या कायद्याने २० सप्टेंबर हा त्या देशाचा अश्वदिन ठरला.

क्रिओयो पाळणाऱ्यांनी पुढे दोन घोड्यांच्या पुराव्यावर न थांबता दरवर्षीची एक चाचणी सुरू केली. १४ दिवसांत ७५० कि.मी., पाठीवर सुमारे ११० किलो ओझे. तीत ओट नाहीत, लसूणघास नाही, कसलाही खुराक नाही. घोड्याने वाटेवर मिळेल त्या गवतावरच भागवायचे.