अणुस्कुऱ्याची बैलवाट

कळे, बाजारभोगाव करत अणुस्कुऱ्याला जाणाऱ्या लाइनीवर मी वडापची जीप चालवली. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं दाटलं की बॉनेटसुद्धा दिसायचं नाही. मग क्लीनर उतरून पुढं चालायचा आणि त्याच्या बॅटरीमागनं मी पहिल्या गिअरवर. आता डांबरी रस्ता आहे, पण खिंडीची मूळ वाट झाडीत आहे: येरडवकडं उतरणारी दगडी फरसबंदी.

राजापूर बंदरातनं कोल्हापूर-पन्हाळ्याला यायची ही जवळची वाट. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. गूळ, मिरची, तंबाखू खाली जायची. ओझं लमाणांच्या बैलांवर, पाठीवरनं दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोणींत. लादलेला बैल अंगानं दुप्पट होतो, त्याला कडेच्या दरडीला न घासता वळता आलं पाहिजे. मी सगळे चढ क्लचवर मोजले, तरी या वाटेनं चालताना कळतं की बांधणाऱ्याला ओझ्याची जाण होती.

इंग्रजांनी राजापुरात वखार घातली १६४९ च्या सुमारास. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा त्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सह्याद्री चढून आला आणि गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन त्याला कैदेत टाकलं. रेव्हिंग्टनचं नाव इतिहासात राहिलं. ते लोखंड घाटावर चढवणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहिली नाहीत, आणि मला विचार येतो तो त्यांचाच.

वाट ओस पडली ती लढाईनं नव्हे. इंग्रजी अमदानीत आंबा आणि फोंडा घाटांत गाडीरस्ते झाले, १८९१ मध्ये कोल्हापुरात रेल्वे आली, माल तिकडं वळला. अणुस्कुऱ्याला मात्र कितीतरी वर्षं चाक लागलंच नाही, म्हणून दगड जागेवर राहिले.

हल्ली फोर बाय फोर घेऊन पोरं येतात, आडवाट विचारतात. त्यांना मी दाजीपूर सांगतो: वनखात्याची परवानगी काढायची आणि ठक्याच्या वाड्याकडची तांबडी जंगलवाट धरायची. फरसबंदीवर टायर घालू नका म्हणून हात जोडतो. एक दगड निसटला की पावसाचं पाणी खालची माती नेतं, मग शेजारचा दगड जातो. आमच्या भागातल्या कितीतरी वाटा अशाच वाहून गेलेल्या मी पाहिल्यात.