फड पुन्हा बाहेर पडेल ना?

आमच्या सापगावहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका, आणि तिथलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर वडील-चुलत्यांच्या, भाऊ-बापूंच्या फडात घडल्या. 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. 2002 मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. हे मला आजही सहन होत नाही.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, घासाघीस करतात, जत्रेची सुपारी देऊन जातात. पौषातल्या म्हसा गावच्या यात्रेत गुरांच्या बाजाराची धूळ बसायच्या आत कनातीपाशी जाऊन उभा राहणारा मी. ढोलकीवाला धुमेवर बोट घासून घुमारा काढतो, हलगी कडाडते, तुणतुणं सूर धरतं. मग गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. माझा जीव वगात. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आणि पुढच्या रांगेतून हिंदी गाण्यांची फर्माईश. वग निम्म्यात गुंडाळतात.

2020 आणि 2021 साली कोरोनाने जत्राच बंद पडल्या. कलावंतांना दिलेली उचल मालकांच्या अंगावर पडली, ट्रक जागेवर उभे राहिले. त्याच 2021 मध्ये तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. दर दसऱ्याला मला धास्ती वाटते, की यंदा कुठला फड बाहेर पडणार नाही?

गावकीला माझं सांगणं आहे: यंदाच्या जत्रेची सुपारी ऑर्केस्ट्राला नको, फडाला द्या. आणि वग संपेपर्यंत कुणी उठू नका.