डोळ्यांपुढे उभे राहणे

‘डोळ्यांपुढे उभे राहिले’ हा मी साठ वर्षे निव्वळ वाक्प्रचार समजत आलो. पोटात कावळे ओरडतात म्हणून कुणाच्या पोटात कावळे नसतात. तशीच डोळ्यांपुढे चित्रेही नसणार.

गेल्या वर्षी मांजरीच्या घरी आईचे वर्षश्राद्ध होते. जेवणे झाल्यावर धाकटी बहीण म्हणाली, “दादा, आई मला अजून ओट्याशी उभी दिसते रे.”

“दिसते म्हणजे आठवते ना?”

“नाही, दिसते.”

मी डोळे मिटले. आईविषयी मला सगळे ठाऊक आहे : हिरव्या काठाचे लुगडे, उजव्या भुवईवरचा व्रण. पण समोर नुसता काळोख.

मांजरी हे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे गाव. म्हणून मी सगळ्यांना मनात द्राक्षांचा घड आणायला सांगितले. चुलतभावाला मण्यांवरची पांढुरकी झाकसुद्धा दिसली. भाचीला घड दिसला, पण पुसट. मला ‘द्राक्ष’ हा शब्द तेवढा सापडला.

असाच प्रश्न फ्रान्सिस गॉल्टनने १८७९च्या सुमारास विचारला होता. सकाळचे न्याहारीचे टेबल आठवा. ते किती स्पष्ट दिसते? त्याच्या वंशसुधारणेच्या विचारांतून पुढे जे अनर्थ झाले ते विसरता येत नाहीत. पण हा प्रश्न त्याने नेमका विचारला. त्याचा नातलग चार्ल्स डार्विन याने कळवले, की गार मांसाचा तुकडा, थोडी द्राक्षे आणि एक पेअर फोटो समोर असावा इतके स्वच्छ दिसते. उलट, गॉल्टनने सुरुवातीला ज्या शास्त्रज्ञांना गाठले त्यांतले बहुतेक म्हणाले, ‘मनातले चित्र’ ही निव्वळ बोलण्याची रीत आहे. १८८०मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने हे छापले. (शास्त्रज्ञांना चित्रे दिसत नाहीत, हा त्याचा सरसकट निष्कर्ष पुढच्या पाहण्यांत टिकला नाही.) माझ्यासारख्यांच्या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव मात्र २०१५मध्ये अॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले.

हे वाचल्यावर मला दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१७मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या चित्रपट-व्यवसायाची जन्मकथा लिहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पडद्यावर चालू असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या येत होते, असे ते सांगतात. हा मजकूर मी वर्गात कित्येक वर्षे शिकवला, आणि दरवेळी स्वदेशीच्या भावनेची अलंकारिक मांडणी म्हणून! ती भावना त्यात आहेच, फाळके स्वतःच ती बोलून दाखवतात. पण त्या माणसाला एका पडद्यावर दोन चित्रपट खरोखरच दिसले असतील, ही शक्यता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. गॉल्टनच्या शास्त्रज्ञांची चूक मी मराठीत करत होतो.

फाळके चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई शिकलेले, तेव्हा त्यांना दिसणारच, असे कुणी म्हणेल. हा पुरावा धरता येत नाही. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्याला मनात चित्र दिसत नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, आणि त्यांचे आयुष्य चित्रे हलवण्यात गेले. धंद्यावरून मन ओळखता येत नाही. हाती राहते ती माणसाची स्वतःची साक्ष, आणि ती वाचणाऱ्याला स्वतःला काय दिसते यावर तिचा अर्थ ठरतो. बखरी, आत्मचरित्रे, संतचरित्रांतले साक्षात्कार मी कोणत्या डोळ्यांनी वाचत आलो, याचा हिशेब आता नव्याने मांडावा लागणार आहे.

तोवर रविवारी बहिणीला फोन करतो. आई काय करताना दिसते ते ती सांगते, मी वहीत उतरवून घेतो. परवा तिने भुवईवरचा व्रणही सांगितला, डाव्या. मी फोटो काढून पाहिला. उजव्याच आहे.