विमानाचा वेग आणि प्रवासाचा वेळ

विमानप्रवासाचा वेळ केवळ विमानाच्या वेगावर ठरतो, ही समजूत इतिहासाशीं जुळत नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा सकाळीं कराचीहून टपाल घेऊन उडाले. कराची ते मुंबई हें सरळ अंतर सुमारें ५५० मैल. त्यांच्या पुस मॉथ विमानाचा वेग ताशीं सुमारें १०० मैल. गणितानें साडेपांच तास पुरावेत. परंतु जुहूस पोहोंचावयास सात तासांहून अधिक लागले. वाट वांकडी करून अहमदाबादेस पेट्रोल भरावें लागलें, आणि पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडींतून! पुढें पावसाळा लागला कीं जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. मग टाटांची मंडळी विमानांसह पुण्यास, येरवड्याच्या कारागृहाजवळील मैदानावर, बिऱ्हाड हलवीत. आकाशांतील मार्ग असा जमिनीनेंच लांबविला.

ही अडचण अद्याप सरलेली नाहीं. याच पुणें जिल्ह्यांतील भवानीनगरच्या ऊसकऱ्यास आज दिल्लीस जावयाचें असेल, तर लोहगांव विमानतळापर्यंतचा रस्ताच दोन तासांहून अधिक खातो. तेथून दिल्लीचें ७०० मैलांहून अधिक लांबीचें उड्डाण मात्र दोन तासांच्या आसपास उरकतें. विमानांनीं वेळ वांचविला तो आकाशांत. जमिनीवरील वेळ वांचविणें हें काम रस्त्यांचें आहे.