नांव आणि आंकडा

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरांतील महाशिवरात्रीस, म्हणजे २६ फेब्रुवारी २०२५ रोजीं, आम्ही कुणकेश्वरास होतों. देवगड तालुक्यांतील हें शिवस्थान अगदीं समुद्राच्या कांठीं असून यात्रेच्या वेळीं आसपासच्या गांवांचे देव पालख्यांतून तीर्थस्नानास येतात, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्या यात्रेचें वर्णन करण्याचा येथें आमचा हेतु नाहीं. ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों त्या गृहस्थांनीं, रात्रीं पडवींत बोलत बसलों असतां, आपला फोन आमच्या हातीं दिला आणि विचारलें, “मास्तरांनू, ह्येच्यार बारा आसा, तेरा आसा नि चवदा पण आसा. ह्यातलो खरो आकडो खयचो?”

बारा हा त्या फोनच्या नमुन्याचा आंकडा. तेरा हा त्याच्या आंत चालणाऱ्या अँड्रॉइड नांवाच्या मूळ आज्ञावलीचा. आणि चवदा हा फोन तयार करणाऱ्या कंपनीनें त्या आज्ञावलीवर जो आपला साज चढविलेला असतो त्याचा. तिन्ही आंकडे खरेच, असें आम्हीं सांगितलें. यजमानांचें समाधान झालें नाहीं, आणि न होण्यास सबळ कारण होतें. महिन्यापूर्वीं त्यांना एक निरोप आला होता कीं, तुमच्या बँकेच्या अॅपची जुनी आवृत्ति आज रात्रीं बंद पडेल, तरी सोबतची नवी घ्यावी. सोबत एक फाईल होती, आणि तिच्यावरील आंकडा त्यांच्यापाशीं असलेल्या आवृत्तीच्या आंकड्याहून मोठा होता. त्यांनीं ती घेतली, आणि आंब्याच्या व्यापाऱ्यानें कलमांवर आगाऊ दिलेले अठ्ठावीस हजार रुपये तासाभरांत खात्यांतून नाहींसे झाले. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर त्यांनीं दुसऱ्या दिवशीं तक्रार नोंदविली. पैसे आम्ही तेथें असेपर्यंत तरी परत मिळाले नव्हते. “आकडो मोठो होतो, म्हणान नवो वाटलो,” एवढेंच ते म्हणाले.

ह्या वाक्यानें आम्हांस जो विषय सुचला तो वरवर पाहतां यंत्रयुगाचा दिसला तरी वस्तुतः फार जुना आहे. ज्या गोष्टी पुनःपुन्हां नव्या होऊन येतात त्यांना मनुष्य कधीं नांव देतो, कधीं आंकडा, आणि कधीं दोन्हीही. व सामान्य माणूस त्या नांवाचा आणि आंकड्याचा जो अर्थ लावतो तो देणाऱ्याच्या मनांतील अर्थाहून बहुधा निराळा असतो. आमच्या समाजांत हा अनुभव वर्षाच्या बाबतींत शतकानुशतकें चालत आलेला आहे.

शालिवाहन शकाचें प्रत्येक वर्ष आंकड्यानें जसें ओळखलें जातें तसेंच प्रभवापासून क्षयापर्यंतच्या साठ नांवांपैकीं एका नांवानेंही. शकाच्या आंकड्यांत बारा मिळवावे, साठांनीं भागावें, आणि बाकी उरेल तितकें नांव मोजावें. १९४६ मध्यें बारा मिळविले म्हणजे १९५८, बाकी अडतीस, आणि अडतिसावें नांव क्रोधी. आंकडा जोशाच्या आणि कारकुनाच्या कामाचा. लोकांच्या तोंडीं नांव असे, कारण पाडव्याला गांवचा जोशी पंचांग उघडून संवत्सरफल वाची तेव्हां ऐकणाऱ्याला हवें असे तें हेंच, कीं येणारें वर्ष कोणत्या स्वभावाचें आहे. नांव म्हणजे स्वभाव, ही समजूत त्यांतून घट्ट झाली.

आणि ह्या समजुतीला अनुकूल दाखले सांपडतातही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ मध्यें झाला तें संवत्सर आनंद. त्यांचें निधन शके १६०२ मध्यें झालें तें रौद्र. मुंबईस व पुण्यास प्लेग पसरला त्या शके १८१८ चें नांव दुर्मुख. अगदीं अलीकडचें सांगावयाचें तर २५ मार्च २०२० रोजीं, साऱ्या देशाचीं दारें बंद झालीं त्याच दिवशीं, पाडवा होता आणि जें संवत्सर सुरू झालें तें शार्वरी, म्हणजे रात्र. असें कांहीं ऐकलें कीं भल्याभल्या पदवीधरांच्या अंगावर कांटा येतो. परंतु पानिपतचा संहार झाला त्या शके १६८२ चें नांव विक्रम होतें, हें कोणी सहसा आठवीत नाहीं. इसवी सन १८७६ सालीं दक्षिणेंत जो घोर दुष्काळ सुरू झाला तो धाता ह्या संवत्सरांत. धाता म्हणजे पोषण करणारा. पुढचें ईश्वर संवत्सर त्याच दुष्काळांत गेलें, आणि त्यानंतर आलें बहुधान्य! जुळलेलें स्मरणांत राहतें, न जुळलेलें गळून जातें.

आतां फोनकडे वळूं. अँड्रॉइडची पहिली आवृत्ति २००८ सालीं निघाली. पुढच्या वर्षीं १.५ ही आवृत्ति आली तिला कपकेक हें नांव मिळालें, आणि तेथून इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानें पाश्चात्त्य मिष्टान्नांचीं नांवें देण्याची प्रथा पडली: डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड, असें करीत २०१८ सालीं ९ या आवृत्तीला पाय हें नांव मिळालें. आद्याक्षर पाहिलें कीं कोणती आधींची व कोणती नंतरची हें कळावें, अशी ती युक्ति. पण ही युक्ति कळावयाला इंग्रजी वर्णमाला पाठ पाहिजे आणि त्या पदार्थांची चव निदान ऐकून तरी ठाऊक पाहिजे. मार्शमॅलो किंवा नूगा हें काय प्रकरण आहे, हें देवगडच्या बाजारांत कितीजण सांगतील? खाजें म्हटलें असतें तर मालवणपासून विजयदुर्गापर्यंत एकाही माणसाला समजावून सांगावें लागलें नसतें. अखेर २०१९ सालीं, जगांतील सर्व लोकांस हीं नांवें कळत नाहींत, असें कारण देऊन कंपनीनें तीं लोकांपुढून काढून घेतलीं आणि नुसता १० हा आंकडा ठेविला. कारखान्याच्या आंत मात्र नांवें चालूच राहिलीं. १५ व्या आवृत्तीला तेथें व्हॅनिला आइस्क्रीम म्हणत, आणि १६ व्या आवृत्तीच्या वेळीं वर्णमाला मागें नेऊन बकलावा हें नांव घेतलें गेलें. आमच्याकडे लोकांपाशीं नांव आणि जाणत्यांपाशीं आंकडा होता. येथें जाणत्यांनीं नांव आपल्याकडे ठेवून लोकांच्या हातीं आंकडा दिला.

तो आंकडा तरी सरळ आहे काय? यजमानांना पडलेलें बारा-तेरा-चवदाचें कोडें त्यांच्या एकट्याचें नाहीं. सॅमसंगच्या फोनवर त्या कंपनीच्या वन यूआयची ६ वी आवृत्ति असते तेव्हां तिच्याखालीं अँड्रॉइडची १४ वी असते. म्हणजे एकजण सहा म्हणेल, दुसरा चौदा म्हणेल, आणि दोघेही खरें बोलत असतील. कुणकेश्वरच्या यात्रेचीच तिथि पाहा. आपण तिला माघ वद्य म्हणतों, आणि काशीकडचा मनुष्य त्याच रात्रीला फाल्गुन कृष्ण म्हणतो. कारण आपला महिना अमावास्येला संपतो व त्याचा पौर्णिमेला. चंद्र एकच आणि शिवरात्रही एकच. पण ज्याला दोन पद्धति आहेत हेंच ठाऊक नाहीं त्याला दोघांपैकीं एकजण फसवीत आहे असें वाटेल.

दुसरा घोळ टिंबाचा. २.९ च्या पुढची आवृत्ति २.१० असूं शकते. शाळेंत दशांश अपूर्णांक शिकलेला मनुष्य २.१० ला २.९ पेक्षां लहान समजतो, आणि गणिताच्या दृष्टीनें तें बरोबरही आहे; परंतु हें टिंब दशांशाचें नव्हेच. ज्ञानेश्वरींत दुसऱ्या अध्यायाची दहावी ओवी नवव्या ओवीच्या पुढें येते, तसाच हा हिशेब आहे: पहिला आंकडा अध्यायाचा, दुसरा ओवीचा. हें एवढ्या शब्दांत सांगितलें तेव्हां यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनाही तें तत्काळ उमगलें. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना समजावतांना आम्हांस याहून अधिक वेळ लागला आहे!

शिवाय आंकडे ओळीनें येतीलच असाही नेम नाहीं. विंडोजच्या ८ नंतर २०१५ सालीं एकदम १० आली. ९ झालीच नाहीं. आयफोनची आज्ञावली २०२५ च्या सप्टेंबरांत १८ वरून थेट २६ वर गेली, कां तर येत्या सालाशीं आंकडा जुळावा म्हणून. ह्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत संवत्सर गुरूच्या मध्यम गतीनें मोजतात. तें वर्षाहून चार-सव्वाचार दिवसांनीं तोकडें पडतें, आणि म्हणून सुमारें पंचाऐंशी वर्षांत एक नांव गाळावें लागतें. दक्षिणेनें तो गुरूचा हिशेब केव्हांच सोडून दिला, त्यामुळें आपल्याकडे नांव कधीं गळत नाहीं आणि उत्तरेचें व आपलें संवत्सर एक नसतें. मूळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत हीं मानें उलगडून ठेविलीं आहेत. जिज्ञासूंनीं तो ग्रंथ अवश्य पाहावा.

आतां आम्हांस जें मुख्यतः सांगावयाचें आहे त्याकडे येतों. वर्षाला नांव आणि आंकडा दोन्ही कशाला, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो, आणि एक लोकांसाठीं व एक शास्त्रासाठीं असें उत्तर मिळतें. जुन्या कागदांत ज्यांची हयात गेली आहे त्यांना त्याचा तिसराही उपयोग ठाऊक आहे. पेशवाईंतील एखादा कागद घ्या. त्यावर शक, संवत्सराचें नांव, मास, पक्ष, तिथि व वार हीं असतील. किंवा शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहिलेला असेल आणि पुढें चंद्राचा छ घालून मुसलमानी महिन्याची तारीख असेल. पानिपतचें वर्ष ह्या रीतीनें इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. हे शब्द लिहिणाऱ्या बहुतेक कारकुनांस अरबी येत नसे. मृग नक्षत्राला सन पालटला कीं पुढचा शब्द घालावयाचा, एवढें त्यांना पाठ असे. पण खोटी सनद रचणाऱ्याला नेमकें तेंच जड जाई. शकाचा आंकडा कोणीही मागें नेईल; त्या शकाचें संवत्सर, त्या तिथीचा वार, हीं सारीं एकमेकांशीं जुळवून मागें नेणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. फ्लीटसारख्या संशोधकांनीं कित्येक ताम्रपट बनावट ठरविले ते अशाच विसंगतींचाही आधार घेऊन. दोन साक्षीदार निरनिराळ्या वाटेनें आले आणि एकच सांगूं लागले, तर विश्वास ठेवावा.

ग्रंथांच्या बाबतींत याचें उत्तम उदाहरण पैठणास घडलें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातोहात नकलून घेतली जात असतां तींत पाठभेद शिरले. एकनाथांनीं ती शुद्ध करून सिद्ध केली. आणि हें काम केव्हां झालें तें नोंदवितांना शके १५०६ हा आंकडा व तारण हें संवत्सराचें नांव, दोन्ही दिलीं. १५०६ मध्यें बारा मिळवा: १५१८, बाकी अठरा, आणि अठरावें नांव तारणच. एवढ्यावर न थांबतां, ह्या पाठांत कोणीं आपली ओवी घुसडूं नये, अशी ताकीदही त्यांनीं देऊन ठेविली. आवृत्ति कोणाची, केव्हांची आणि तींत बाहेरचें कांहीं मिसळलें आहे कीं काय, हे तीनही प्रश्न नाथांनीं वाचकाच्या वतीनें स्वतःच उपस्थित केले होते.

आमच्या यजमानांपुढें आलेल्या निरोपांत मात्र आंकडा एकटाच होता, आणि दुसरा साक्षीदार त्यांनीं कोठें शोधावा हें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें. तो शोधणें अवघड नाहीं. फोनच्या सेटिंग्जमध्यें शेवटीं फोनविषयीं माहिती असते. तेथें अँड्रॉइडची आवृत्ति आणि सुरक्षेची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची हें लिहिलेलें असतें. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ति सेटिंग्जमधूनच येते आणि बँकेच्या अॅपची प्ले स्टोअरमधून; निरोपाला जोडलेल्या फाईलींतून बँक आपली आवृत्ति धाडीत नाहीं. पण हें यजमानांच्या भाषेंत, त्यांना कळेल अशा दाखल्यानें, पैसे जाण्याच्या आधीं सांगणें कोणाचें काम होतें? ते आंकडा वाचूं शकत नव्हते असें नाहीं. आयुष्यभर ते पंचांग पाहात आले आहेत, आणि अधिकमास कां येतो हें त्यांनीं आम्हांस त्याच रात्रीं नीट समजावून दिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघण्यापूर्वीं आम्हीं त्यांच्या फोनमध्यें ती जागा उघडून दाखविली. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलें होतें. मालवणच्या जयंतराव साळगांवकरांनीं १९७३ सालीं काढलेली ही दिनदर्शिका आतां फोनमध्येंही मिळते, परंतु ह्या घरांत ती अजून खिळ्यालाच असते, आणि दुधाचा व गड्यांचा हिशेब तिच्याच चौकटींत लिहिला जातो. यजमानांनीं पेन मागवून फेब्रुवारीच्या पानावर २७ तारखेच्या घरांत लिहिलें: अँड्रॉइड १३, कंपनी १४. मग सुरक्षेच्या दुरुस्तीची तारीख फोनवर दोनदां वाचून तीही खालीं उतरविली. पेन टोपणांत घालतां घालतां त्यांनीं विचारलें, “येत्या पाडव्याक नाव काय ओ?”

“विश्वावसु,” आम्हीं सांगितलें.

“तो कसो आसता?”

तो एक गंधर्व आहे, असें आम्ही म्हणालों. त्यांनीं पान उलटून मार्चच्या ३० तारखेखालीं तें नांव लिहिलें, आणि त्याच्यापुढें शकाचा आंकडा घालण्यापुरती जागा सोडली.